ब्रेस्ट वाढवायचा विचार चाललाय? तांदळाच्या पिशवीपासून इम्प्लांटच्या कार्डापर्यंत सगळं

गेल्या वर्षभरात ब्रेस्ट वाढवायच्या ऑपरेशनचा प्रश्न मला पाच-सहा जणींनी विचारलाय, एकीने तर नाशिकच्या भद्रकालीत भाजी घेता घेता. सगळ्या आधी दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलतात, मुलांच्या शाळा, सासूबाईंचे गुडघे, आणि मग आवाज खाली करून विचारतात की तू ते केलंयस ना, कसं असतं गं ते. हो, मी केलंय, २०१८ मध्ये, दोन मुलं अंगावर पाजून झाल्यावर, तेव्हा मी ३६ वर्षांची होते, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. पण करायच्या आधी दोन वर्षं जो पैसा आणि वेळ चुकीच्या गोष्टींत गेला तो तुमचा जाऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, तुमच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांच्यासमोर बसायच्या आधी आपल्याला काय माहिती पाहिजे ते मी नक्की सांगू शकते.

आधी आरशासमोर उभ्या राहा

"मला साइज वाढवायचीय" असं आपण सगळ्याच म्हणतो पण प्रत्येकीची तक्रार वेगळी असते. एखादीची छाती वयात आल्यापासूनच लहान असते. एखादीचं दूध सोडवल्यावर भरीवपणा गेलेला असतो, वरचा भाग रिकामा पडतो. कोणाची साइज आहे तेवढीच असते पण ओघळलेली असते, आणि कोणाच्या दोन बाजू सारख्या नसतात. ह्या प्रत्येकीला उपाय वेगळा आहे, आणि चुकीच्या तक्रारीवर बरोबर ऑपरेशन केलं तरी ते फसतंच.

म्हणून ब्रा काढून, हात खाली सोडून आरशात बाजूने बघा. स्तनाच्या खाली जिथे छातीला घडी पडते ती रेष बघा आणि निपल त्या रेषेच्या वर आहे, बरोबरीत आहे की खाली ते बघा. खाली असेल तर नुसतं इम्प्लांट (स्तनात आत बसवायची सिलिकॉनची पिशवी) टाकून ते वर येणार नाही, उलट वजन वाढून अजून खाली जाईल, तिथे लिफ्ट लागते म्हणजे जादाची कातडी काढून निपल वर घेतात, त्याला मॅस्टोपेक्सी म्हणतात. मला हे माहितीच नव्हतं, मी आपली "इम्प्लांट पाहिजे" असंच घोकत गेले होते, आणि सर्जन मॅडमनी टेपने माप घेऊन दाखवलं तेव्हा कळलं की मला छोटं इम्प्लांट आणि थोडी लिफ्ट दोन्ही लागणार.

दोन बाजूंत थोडाफार फरक तर प्रत्येकीला असतो, त्याचं टेन्शन घेऊ नका. पण एक बाजू जवळपास वाढलीच नसेल तर आधी नीट तपासून घ्या, कारण पोलंड सिंड्रोम नावाचा जन्मजात प्रकार असतो ज्यात एका बाजूचा छातीचा स्नायूच कमी असतो, आणि अशा वेळी ते कॉस्मेटिक न राहता दुरुस्तीचं ऑपरेशन होतं. त्याचा पैशावरही फरक पडतो, ते खाली सांगते.

अजून मूल हवं असेल तर थांबा, कारण गरोदरपणात आणि पाजताना आकार परत बदलतो. अंगावरचं दूध सोडवल्यावर सहा महिने तरी जाऊ द्या आणि वजन एका जागी स्थिर होऊ द्या. आणि नवरा म्हणतो म्हणून, लग्न ठरतंय म्हणून, कोणी टोमणा मारला म्हणून करू नका बायांनो, टाके तुमच्या अंगावर पडणार आहेत.

ऑपरेशनशिवाय काय होतं आणि काय होत नाही

सगळ्यात आधी ब्रा. हे वाचून पुढे सरकू नका कारण माझ्या जावेचा प्रश्न इथेच सुटला. टेप घ्या, छातीच्या बरोबर खाली घट्ट माप घ्या, मग सगळ्यात उभाराच्या जागी सैलसर माप घ्या. खाली ३२ इंच आणि वर ३४ आलं तर फरक २ इंच, म्हणजे बी कप, म्हणजे ३२ बी. १ इंचाला ए, ३ इंचाला सी. जाऊ वर्षानुवर्षं मेनरोडवरून ३६ ची घेत होती, दुकानात मापं घेऊ द्यायची लाज वाटते म्हणून अंदाजाने, पट्टा पाठीवर वर चढायचा आणि पुढे कप रिकामे. घरी माप घेतलं तर ३२ सी निघाली! बरोबर साइजची हलकी पॅडेड ब्रा घातल्यावर तिचा तिलाच ब्लाउज वेगळा वाटायला लागला आणि तिने ऑपरेशनचा विषय सोडून दिला. ब्रामध्ये ठेवायचे सिलिकॉनचे पॅड पण मिळतात, फक्त लग्नसमारंभापुरतं पाहिजे असेल तर ते पुरे आहेत.

व्यायाम. स्तनात स्नायू नसतो, दुधाच्या ग्रंथी आणि चरबी असते, त्यामुळे पुशअप मारून स्तन वाढत नाही. त्याच्या मागचा छातीचा स्नायू थोडा भरतो आणि पाठ ताठ झाली की उठाव दिसतो. भिंतीला टेकून पुशअप, सूर्यनमस्कार, करा जरूर, पण कप साइज बदलेल ही आशा ठेवू नका.

आता क्रीम, तेल, गोळ्या, मेथीची कॅप्सूल. मी एका पार्लरमधून मसाजचं तेल आणि क्रीम घेतलं होतं, तीन महिन्यांचा कोर्स म्हणे, दुसऱ्या आठवड्यात छातीवर लाल चट्टे उठले आणि स्किनच्या डॉक्टरकडे जावं लागलं. तेव्हा ते म्हणाले की असल्या जाहिराती मुळात कायद्यानेच बंद आहेत. मी घरी येऊन शोधलं तर खरंच, १९५४ चा औषधं आणि जादूटोणा उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत कॅन्सर, डायबिटीस ह्यांच्यासोबत स्त्रीच्या छातीचा आकार आणि ठेवण हे सरळ लिहिलंय, म्हणजे अमुक औषधाने छाती वाढते अशी जाहिरात करणंच बेकायदा. ७० वर्षं झाली कायदा येऊन आणि आपण अजून ती डबी विकत घेतोय. गोळ्यांमध्ये काय हार्मोन घातलंय ते डबीवर लिहिलेलं नसतं, पाळी बिघडू शकते, गाठीचा त्रास असेल तर धोका अजून वाढतो. नका घेऊ.

ओढून धरणारे पंप असतात, बाहेरून व्हॅक्यूम देणारे. ब्रावा नावाचं अमेरिकन उपकरण होतं ते रोज दहा-दहा तास, दोन-अडीच महिने लावून बसायचं आणि एवढं करून थोडीच वाढ मिळायची. घरात स्वयंपाक-पाणी, ऑफिस सांभाळून ते कोणाला जमणार. बाजारातले स्वस्त पंप तर फक्त सूज आणतात, सूज उतरली की झालं.

इंजेक्शन हा सगळ्यात धोक्याचा भाग आहे म्हणून जरा थांबून वाचा. "नो सर्जरी, अर्ध्या तासात साइज" असं कोणी सांगत असेल तर ते फिलरबद्दल, म्हणजे सुईने टोचून भरायच्या जेलबद्दल बोलतायत. मॅक्रोलेन नावाचं हायलुरोनिक अॅसिडचं फिलर युरोपात छातीसाठी वापरायचे, २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये छातीसाठी ते थांबवलं कारण मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, वाचताना अडचण येते. अमेरिकेतली एफडीए, म्हणजे तिथली औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था, छातीत फिलर टाकू नका असंच सांगते. चीनमध्ये पॉलिअॅक्रिलामाइड जेल टोचायचे, हजारो बायकांना गाठी, इन्फेक्शन, जेल सरकणं असं झाल्यावर २००६ मध्ये त्यांनी ते बंद केलं. आणि पातळ सिलिकॉन थेट टोचणं तर कुठेच मान्य नाही, ते परत काढता येत नाही आणि रक्तवाहिनीत गेलं तर जीव जाऊ शकतो. मला पण एका ठिकाणी इंजेक्शनचं पॅकेज सांगितलं होतं, आज अॅडव्हान्स भरला तर डिस्काउंट, आणि कोणतं इंजेक्शन ते नाव विचारलं तर "मॅडम इम्पोर्टेड आहे" एवढंच उत्तर. मी पर्स उचलली आणि खाली उतरून स्कूटी काढली.

स्वतःची चरबी भरणं

ह्याला फॅट ग्राफ्टिंग म्हणतात, हे ऑपरेशनच आहे पण इम्प्लांट नसतं. पोट किंवा मांडीची चरबी लायपोसक्शनने काढतात, साफ करून बारीक सुईने स्तनात जागोजागी भरतात. हाताला नैसर्गिक लागतं, बाहेरची वस्तू अंगात नाही, हे मोठे फायदे. पण भरलेल्यातली तिसरा हिस्सा ते निम्मी चरबी शरीर शोषून घेतं, म्हणून एका वेळी जेमतेम एक कप वाढतो, कधी दुसऱ्यांदा भरावं लागतं. बारीक अंगाच्या बाईकडे काढायला चरबीच नसते. नंतर वजन उतरलं तर तिथलंही उतरतं. कधी तेलाच्या छोट्या गाठी किंवा चुन्यासारखे ठिपके होतात, ते सोनोग्राफी-मॅमोग्राफीत दिसतात, म्हणून करायच्या आधीचा रिपोर्ट जपून ठेवा आणि तपासणाऱ्या डॉक्टरला आवर्जून सांगा.

इम्प्लांट

सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं, म्हणजे हे काही काल आलेलं नाही. दोन प्रकार, आत मिठाचं पाणी म्हणजे सलाइन, नाहीतर सिलिकॉन जेल, बाहेरचं कव्हर दोन्हींचं सिलिकॉनचंच. सलाइन फुटलं तर पाणी अंगात जिरतं आणि दोन दिवसांत बाजू बसते, लगेच कळतं. जेल हाताला जास्त खरं लागतं पण ते फुटलं तर बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून त्याची तपासणी चुकवायची नाही. अमेरिकेत कॉस्मेटिकसाठी सलाइन १८ च्या पुढे आणि जेल २२ च्या पुढे असा नियम आहे, आपल्याकडेही कॉलेजच्या पोरींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

कव्हर गुळगुळीत की खरखरीत हे नक्की विचारा. खरखरीत कव्हरच्या भोवती एक दुर्मिळ लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, होतो असं सापडलं, तो स्तनाचा कॅन्सर नाही, इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होतो, आणि त्यामुळेच अॅलर्गन कंपनीने बायोसेल नावाचे खरखरीत इम्प्लांट जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत मागवले. त्याची खूण म्हणजे ऑपरेशनला काही वर्षं झाल्यावर एक बाजू अचानक सुजणं. तसं झालं तर वाट बघायची नाही.

चीर तीन जागी देता येते, स्तनाखालच्या घडीत, निपलच्या काळ्या भागाच्या कडेने, किंवा काखेतून. पुढे मूल अंगावर पाजायचं असेल तर निपलच्या कडेची चीर शक्यतो नको, दुधाच्या नळ्या आणि नस दुखावायची शक्यता तिथे जास्त. इम्प्लांट स्नायूच्या वर ठेवायचं की खाली, ते तुमच्या अंगावरच्या मांसावर ठरतं. स्तनाच्या वरच्या भागाची कातडी चिमटीत धरून बघतात, दोन सेंटिमीटरपेक्षा कमी आली तर स्नायूखाली, नाहीतर कडा बाहेरून दिसते. माझी कमी होती.

आता तांदळाची पिशवी. इम्प्लांटची साइज कपात नसते, सीसीमध्ये (म्हणजे मिलीमध्येच) असते, २००, २५०, ३०० अशी, आणि क्लिनिकमध्ये सगळे आकडे सारखेच वाटतात. घरी करा. स्वयंपाकाचा मोजायचा कप २४० मिलीचा असतो, तो भरून कोलम तांदूळ पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भरा, हवा काढून गाठ मारा, जुन्या मोज्यात घालून अजून एक गाठ, अशा दोन. मऊ, पॅड नसलेल्या मोठ्या ब्रात घाला, वरून रोजचा कुर्ता. पाच मिनिटं आरशात बघून काढू नका, दिवसभर घालून पोळ्या लाटा, कपडे वाळत घाला, जिने चढा. मी पहिल्या दिवशी ३५० भरलं होतं, दुपारपर्यंत खांदे भरून आले आणि ओट्यावर वाकलं की पुढे ओढल्यासारखं व्हायचं, आणि तांदूळ तर जेलपेक्षा हलकाच. दुसऱ्या दिवशी ३००, मग २४०, आणि तिथे मी थांबले. आत गेल्यावर, त्यातही स्नायूखाली, पिशवीएवढं बाहेरून दिसत नाही, तेवढा हिशोब डॉक्टर धरतात.

डॉक्टर कसा निवडायचा

एमबीबीएस, मग एमएस, आणि त्याच्या पुढे प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच किंवा डीएनबी. हे शेवटचं नसेल तर उठायचं. कॉस्मेटोलॉजिस्ट, एस्थेटिक एक्स्पर्ट ह्या पाट्या म्हणजे सर्जन नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, राज्यातल्या बऱ्याच डॉक्टरांच्या डिग्रीवर आपल्याच दिंडोरी रोडच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं नाव असतं, बघायला मागितली तर चांगला डॉक्टर रागावत नाही. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, एक-दोन तासांचं, त्यामुळे भूलतज्ञ कोण, रात्री हॉस्पिटलमध्ये कोण डॉक्टर असतो, हे पण विचारा.

नाशिकमध्ये करायचं की पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जायचं, हे मला सगळ्या विचारतात. कुठेही करा, पण मुंबईला केलंत तर पहिला आठवडा-दहा दिवस तिथेच नातेवाइकांकडे राहा. आत रक्त साठणं हा प्रकार बहुतेक पहिल्या २४ तासांत होतो, एक बाजू दगडासारखी टणक होऊन ठणकते आणि लगेच परत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं, तेव्हा मध्ये कसारा घाट नको.

पैशाचं कोटेशन लेखी घ्या, त्यात इम्प्लांट, ओटी, भूल, रूम, तपासण्या, स्पेशल ब्रा, फॉलोअप सगळं वेगवेगळं लिहून. वर जीएसटी लागतो, कारण कॉस्मेटिक सर्जरीला आरोग्यसेवेची सूट नाही. मेडिक्लेम पण मिळत नाही. जन्मजात दोष, अपघात, कॅन्सरनंतरची दुरुस्ती असेल तर दोन्हींचे नियम वेगळे आहेत, म्हणून वर पोलंड सिंड्रोमचं सांगितलं. आणि दुसऱ्या ऑपरेशनचे पैसे मनात बाजूला धरूनच पहिल्याला होकार द्या. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, दहा-पंधरा वर्षांत बऱ्याच जणींना बदलावं किंवा काढावं लागतं. तिशीत केलंत तर आयुष्यात एक-दोनदा तरी परत टेबलवर जायचंय. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं ते सर्जन मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

काय बिघडू शकतं ते पण तोंडावर विचारा. शरीर इम्प्लांटभोवती आवरण तयार करतं ते प्रत्येकीचं होतं, पण काहींचं आवळतं आणि छाती कडक, वेडीवाकडी, दुखरी होते, त्याच्या बेकर नावाच्या चार पायऱ्या आहेत, तिसरी-चौथी आली की ऑपरेशन. इन्फेक्शन, निपलचा स्पर्श कमी होणं, कातडीवर लाटा दिसणं, इम्प्लांट सरकणं. काही बायका थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा सांगतात, त्याचा अभ्यास अजून चालू आहे, आणि २०२१ पासून अमेरिकेत हे सगळं पेशंटला वाचून दाखवून सही घ्यायची सक्ती आहे.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर

आधी सोनोग्राफी, चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफी. घरात आई-मावशीला स्तनाचा कॅन्सर असेल तर लपवू नका. डॉक्टर "स्मोकिंग करता का" विचारतात आणि आपण नाही म्हणतो, पण मिश्री लावत असाल तर ती पण तंबाखूच आहे! निकोटीनने रक्तवाहिन्या आखडतात आणि जखम भरत नाही, लिफ्टमध्ये तर निपलची कातडी काळी पडू शकते. चार आठवडे आधी आणि नंतर पूर्ण बंद. अॅस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, लसणाच्या कॅप्सूल, सगळ्यांची यादी द्या, मनाने काही बंद करू नका.

पहिले तीन दिवस कसे वाटतात सांगू का, बाळ झोपलंय आणि पान्हा दाटून दगड झालाय ना, तसं, फक्त उतरत नाही. उताणं झोपायचं, पाठीमागे दोन उशा. उठताना हातावर जोर द्यायचा नाही, कोणीतरी पाठीला हात देऊन उठवायचं, माझ्याकडे जाऊ होती. वरच्या फळीवरचे डबे आधीच खाली काढून ठेवा. खुर्चीवरचं काम आठवड्याभराने जमतं. पण पोळ्या लाटणं, कणीक मळणं, बादली, लहान मूल उचलणं चार ते सहा आठवडे नाही, स्नायूखाली ठेवलं असेल तर लाटणं पुढे ढकलताना बरोबर तोच स्नायू ओढला जातो. स्कूटी डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. टाके पूर्ण भरेपर्यंत पाण्यात बुडायचं नाही, रामकुंडावर अंघोळ नाही, आणि रंगपंचमी जवळ असेल तर त्या वर्षी रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उडी नाही.

सुरुवातीला छाती फार वर आणि कडक दिसते, मी तर रडले होते बिघडलं म्हणून. तीन ते सहा महिन्यांत खाली बसून मऊ होते. तोवर नवीन ब्लाउज शिवायला टाकू नका, माप बदलतं, मी घाईने दोन शिवले ते दोन्ही उसवावे लागले. ताप, एका बाजूची लाली, पू, अचानक सूज, ह्यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन.

नंतर कुठेही मॅमोग्राफी कराल तर टेक्निशियनला आधीच सांगा की इम्प्लांट आहे, ते मागे सरकवून वेगळे फोटो घेतात. आणि जेल असेल तर काही त्रास नसला तरी पाचव्या-सहाव्या वर्षी सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर दोन-तीन वर्षांनी.

इम्प्लांटच्या खोक्यावर स्टिकर असतात, कंपनी, साइज, लॉट आणि सिरियल नंबर, ते लावलेलं कार्ड डिस्चार्जच्या दिवशी हातात घेतल्याशिवाय बिल भरू नका. फ्रान्सच्या पिप कंपनीने इम्प्लांटमध्ये कारखान्यात वापरायचं हलक्या प्रतीचं सिलिकॉन भरलं होतं, २०१० मध्ये ते उघड झालं, कित्येक देशांतल्या बायकांना आपल्या अंगात कोणतं आहे ते शोधत फिरावं लागलं, आणि ज्यांच्याकडे कागद होता त्यांना निदान उत्तर मिळालं. माझं कार्ड कपाटात एलआयसीच्या फाइलमध्ये आहे, एक फोटो मोबाइलमध्ये, एक झेरॉक्स जावेकडे. पहिली सोनोग्राफी २०२४ मध्ये झाली, नॉर्मल आली, आणि पुढची तारीख त्याच कार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवलीय.